राजूरच्या रांगेतली भाकरी

देव ऐकतो की नाही, ही शंका मला शाळेपासूनच होती. पण त्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या रांगेत मी गप्प उभी होते, ती आईच्या भीतीने.

दोन महिन्यांपूर्वी शहागडजवळ अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची स्कूटर घसरली आणि डोक्याला जबर मार बसला. नऊ दिवस ते बेशुद्ध होते. शुद्धीवर आले की दोघंही निर्जळी उपासाने दर्शनाला येऊ, असा आई नवस बोलली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला एकटीलाच इंग्रजीत समजावलं होतं. मार लागलेला मेंदू सुरुवातीला साखर भराभर जाळतो, मग कितीतरी आठवडे त्याला ती नीट वापरताच येत नाही. तेव्हा यांना उपाशी ठेवू नका. आईने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "आराम सांगितलाय." नवसाच्या आड आले असते तर "इंग्रजी शाळेनं देव इसरवला तुला," हे ऐकावं लागणारच होतं.

रांग हलत नव्हती. दुपारी अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली, मग विचारलं, "आपण कुठं चाललो?" त्यांचा हात गार पडला होता. आई म्हणाली, "थोडंच राह्यलं आता." मी ओढणीने त्यांचा घाम पुसत राहिले.

बाजूला दुर्वा विकणारी एक म्हातारी केव्हाची बघत होती. "काही खाल्लं का यांनी?"

"नवस हाय," आई म्हणाली.

"बोललं कोण?"

"मी."

"मंग तूच ऱ्हा की उपाशी!" ती माझ्याकडे वळली. "पोरी, शिकलेली दिसतीस. डॉक्टर काय म्हनला? का तोंडालाबी उपास हाय तुझ्या?"

मी सगळं बोलले. एका दमात, रडत. म्हातारीने फडकं सोडलं आणि आपल्या भाकरीवर पिठलं घालून अण्णांच्या हातात दिली. पाण्याचा तांब्या आईनेच त्यांच्या तोंडाला लावला. अर्ध्या तासाने त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

चंद्र उगवेपर्यंत आईने दोघांचा उपास एकटीने धरला. मला एका शब्दाने बोलली नाही.

पुढच्या चतुर्थीला मी आभार मानायला गेले. म्हातारीला मी आठवले नाही. "लई जणींना बोलते मी," म्हणाली, आणि दुर्वांची जुडी हातात ठेवली. त्या नऊ दिवसांत मीही देवाकडे अण्णांचे प्राण मागितले होते. त्याने मला या म्हातारीच्या तोंडून एक प्रश्न पाठवला. आता त्याच्यापुढे उभं राहताना माणसांना सांगायचं ते आधी सांगून येते. उरलेलं त्याच्या पायाशी ठेवते, आणि मागे वळून बघत नाही.