दुकान वाढवलं

आमच्या घरी दुकानाच्या बाबतीत 'बंद' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. दिवेलागणीला बाबा रंधा, करवत, पटाशी पुसून पेटीत ठेवत, धोतरावरचा भुसा झटकत आणि म्हणत, "चला, दुकान वाढवू." मग पुढच्या फळ्या लागत. लहान असताना मी एकदा भुकेनं कावून ओरडले होते, "बाबा, बंद करा नं दुकान." आईनं आधी पाठीत धपाटा घातला, मग समजावलं, "असं नाही बोलू वं. पोटाच्या धंद्याले बंद म्हणत नाहीत. वाढवलं म्हणायचं." नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आपल्या माणसांना वाईट शब्दाची भारीच धास्ती, वाईट गोष्टीची तितकी नाही.

लकडगंजात रस्त्याला लागून दुकान आणि त्याच्या मागे आमच्या दोन खोल्या. बाबा सुतार, पण सगळा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणायचा. पलंग, कपाटं, देव्हारे, पाळणे करत, तेही फक्त सागवानाचे. आलापल्लीकडचं लाकूड शेजारच्या आरामशीनवर चिरून आणायचं आणि दोन-तीन उन्हाळे आढ्यावर टाकून ठेवायचं. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना नकोसा, बाबांना मात्र हवा असे. "लाकूड पिकून राहिलं," असं म्हणत ते फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकत बसत. खिळा मारणं त्यांना कमीपणाचं वाटे. एका फळीला खाच पाडायची, दुसरीला जीभ काढायची आणि ती जीभ त्या खाचेत ठोकून बसवायची. "वाटणीच्या भांडणात भाऊ तुटतील, पण तुमच्या बाबाचा पलंग नाही तुटणार," असं आई चेष्टेनं म्हणायची.

मग नागपूर वाढायला लागलं. शेतं होती तिथे लेआऊट पडले. लेआऊटांत बंगले आले, पुढे बंगल्यांत टीव्ही आले आणि टीव्हीखाली ठेवायला चकचकीत कपाट लागायला लागलं. ऑफिसांना पार्टिशन हवी, शाळांना टेबलं हवीत, आणि प्रत्येकाला उद्याच हवं. लाकूड पिकेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता? तिकडे सागवानाच्या लिलावात मोठे व्यापारी उभे राहू लागले. चांगला माल ट्रकांत भरून बाहेरगावी जाई. बाबांच्या वाट्याला गाठींचं, वाकडं लाकूड येई आणि पुढे पुढे तेही येईना. त्याच सुमारास गल्लीच्या तोंडाशी बोर्डाचं दुकान उघडलं. तिथे प्लायवूड मिळे, आणि त्याहून स्वस्त म्हणजे भुशाचा बोर्ड. लाकडाचा चुरा डिंकासारख्या कशात तरी कालवून दाबायचा आणि वरून गुळगुळीत कागद चिकटवायचा, झाला बोर्ड. जो भुसा आई शेगडीत घालायची, तो आता लोक पैसे देऊन घरात मांडत होते. बाबांना हे कळेचना.

बोर्डवाला शेठ माणूस वाईट नव्हता. येता-जाता आमच्या दारात थांबे. "मिस्त्री, जमाना बदलून राहिला. माझा बोर्ड घ्या, चार पोरं कामाले ठेवा, दुकान वाढवा."

"रोज सांजच्याले वाढवतोच नं गा," बाबा म्हणत, आणि दोघंही हसत.

एकदा मात्र बाबांनी त्याचं ऐकलं, कारण हाताला कामच नव्हतं. रामदासपेठेतल्या एका ऑफिसची कपाटं त्यांनी घेतली, बोर्डाची. आणि केलं काय, तर बोर्डालाही जीभ काढायला बसले. पटाशी लावली की कड भुरभुर गळून पडे. पटाशी बोथट झाली म्हणून त्यांनी धार लावली, पुन्हा टेकवली, पुन्हा चुरा झाला. शिळी भाकरी मोडावी तसा तो बोर्ड त्यांच्या हातात मोडत होता. "याच्यात लाकडाची रेषाच नाही वं," ते मला म्हणाले. "हे धरून कायले राहील?" शेवटी त्यांनी स्क्रू पिळून कपाटं पोचती केली. उन्हाळ्यात ऑफिसानं कूलर लावला. कूलरचं पाणी फरशीवर झिरपलं, कपाटांच्या तळानं ते पिऊन घेतलं आणि सगळी कपाटं खालून फुगली, दारं लागेनात. तिथल्या साहेबानं बाबांना बोलावून चार माणसांत सुनावलं, "मिस्त्री, काम येत नाही तर घेता कशाला?" बाबांनी घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं आणि न जेवता उठले. त्या साहेबाचा मला अजून राग येतो. तो असेल तिथे त्याची दारं लागू नयेत असं वाटतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी खाप्याला आले. आंदणाचा पलंग बाबांनी आढ्यावरच्या शेवटच्या फळ्यांचा केला. सासरी सगळं बरं होतं, पण माझ्या जिवाला एकच घोर लागलेला. बाबांचं दुकान टिकतं की नाही? हातात रंधा नसलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हते.

दिवाळीच्या आधी आमचे हे शाळेच्या कामानं नागपूरला गेले. घाईत होते म्हणून घरापर्यंत गेले नाहीत. बाबा त्यांना नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरच भेटले. घरी आल्या आल्या ह्यांनी सांगितलं, "तुझे बाबा म्हणाले, पोरीले सांगा, दुकान वाढवलं."

"खरंच? बोर्डाचं?"

"तेवढं नाही विचारलं. पण गल्लीत बोर्डच बोर्ड उतरून राहिले होते."

मी नाचायचीच काय ती बाकी होते. वाटलं, वळले बाबा एकदाचे. चार पोरं ठेवली असतील, त्यांच्यावर खेकसत असतील. सासूबाईंनी आपणहून पेढे आणवले आणि "आमच्या व्याह्यांनी दुकान वाढवलं" म्हणत मोहल्ल्यात वाटले. उरलेले पुड्यात बांधून दुसऱ्या दिवशी मी नागपूरच्या एसटीत बसले. त्या शब्दापायी धपाटा खाल्लेली मी, पण आमच्याच घरचा अर्थ मला वाटभर आठवला नाही.

दुकान लांबून दिसलं आणि मी हरखले. फळ्या जाऊन लोखंडी शटर आलं होतं. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत बोर्डांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि दारात हातगाडी रिकामी होत होती. थप्प्यांच्या मधे बाबा स्टुलावर बसले होते.

"बाबा, केवढं वाढवलं तुम्ही."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "काहून आली वं अशी अचानक?"

मी पुडा पुढे केला. "दुकान वाढवलं म्हणून सासूबाईंनी सगळ्या मोहल्ल्यात वाटले."

त्यांनी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पेटी कुठे दिसत नाही, रंधा दिसत नाही, सागवानाचा वास नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक पेढा उचलून तोंडात टाकला. नको म्हणाले असते तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. बराच वेळ ते तो पेढा घोळवत राहिले. "चांगला आहे," म्हणाले.

बाकीचं आईनं मागच्या खोलीत सांगितलं. लाकूड मिळेना, गिऱ्हाईक फिरकेना. जागा बोर्डवाल्या शेठनं गोदामाला घेतली, ह्या दोघांना मागे राहू दिलं आणि बाबांना मालाच्या राखणीला बसवलं. "हत्यारं कुठं आहेत?" मी विचारलं. आईनं खाटेखाली बोट दाखवलं. "तिकडे पाहतही नाहीत." मी रडले. आईचं रडून झालेलं होतं.

दिवेलागणीला मी बाबांजवळ येऊन उभी राहिले. शेठचा माणूस स्कूटरवरून न उतरताच ओरडला, "मिस्त्री, बंद करा आता, बंद करा. अंधार पडून राहिला."

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता त्याला टोकतील, निदान मान तरी हलवतील.

"हो, करतो बंद," बाबा म्हणाले, आणि उठून त्यांनी शटर खाली ओढलं.