काळ्या पुडीची गोष्ट

कुमुदिनी इंदूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि नवरा श्रीपाद एका कापड गिरणीत केमिस्ट होता. १९६२ च्या उन्हाळ्यात गिरणीमागच्या तळ्यातले मासे मरून वर तरंगू लागले. तिथं जाळं टाकणारी जनाबाई कुमुदिनीकडे आली. "बाईजी, नाल्याचं पानी आलं की मासे मरतात. कोई सुनता नहीं."

गिरणीत कापड पांढरं करायला पेरॉक्साइड वापरत. कुमुदिनीचा संशय त्याच्यावरच होता. पण बाटलीतून पाणी कॉलेजात नेईपर्यंत पेरॉक्साइड विरून जायचा. तळ्याकाठीच मोजायला हवं होतं. तिनं प्लॅटिनमची आणि चांदीची तार, टॉर्चचे सेल आणि काट्यानं विजेचा प्रवाह दाखवणारं कॉलेजातलं गॅल्व्हानोमीटर जुळवलं. तारा जोडायला कथलाचे डाग श्रीपादनं दिले. सेलमधली काळी पूड पाण्यात टाकली की पेरॉक्साइड मोडतो आणि काटा खाली येतो, ही युक्तीही त्याचीच. गिरणीचा नाला सुटला तेव्हा काटा चढला, पूड टाकताच उतरला. श्रीपाद पोरासारखा हसला होता.

तिनं नगरपालिकेत तक्रार केली. चौकशीच्या दिवशी गिरणीतर्फे तज्ज्ञ म्हणून जो उठला, तो श्रीपाद. सकाळी तिच्यासमोर बसून पोहे खाल्ले होते त्यानं. गिरणीतर्फे उभा राहणार, हे सांगितलं नव्हतं.

"हा काटा कशानंही हलतो. क्लोरीननंसुद्धा," तो चौकशी करणाऱ्या साहेबांना म्हणाला.

कुमुदिनी उभी राहिली. "मग काळी पूड टाकल्यावर उतरला कसा, तेही सांगा. ती क्लोरीन मोडत नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "मला आठवत नाही."

साहेबांनी तळ्यावर तपासणी ठरवली. गिरणीला तारीख आधीच कळली होती. त्या दिवशी नाल्यातून नळासारखं स्वच्छ पाणी आलं. काटा जागचा हलला नाही. तक्रार निकालात निघाली.

"गलत मत समझ," घरी श्रीपाद म्हणाला. "ते मला मुख्य केमिस्ट करतायत. नाही म्हटलं असतं तर नोकरीच गेली असती."

"मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?"

"नाही. पण निदान पोहे तुमच्या पुढ्यात ठेवताना मला माहीत असतं."

जनाबाईला निकाल सांगायला ती स्वतः गेली. जनाबाईनं विचारलं, "गिरणीकडून बोलले ते साहेब तुमच्या घरचेच ना?"

"हो."

जनाबाईनं जाळं गोळा केलं. पावसाळ्याआधीच ती गौतमपुऱ्याला भावाकडे गेली. कुमुदिनी त्याच घरात राहिली, त्याच माणसाला जेवायला वाढत राहिली. तळ्यावर मात्र ती यंत्र घेऊन अधूनमधून काटा पाहायला जायची. कधी जाते, ते श्रीपादला तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही.