खाणीच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

सुरुंगाचा दगड कौलं फोडून घरात आला तेव्हा वहिनी भाकऱ्या थापत होती. दुपारची वेळ. मी पडवीत पाण्याची मोटर खोलून बसलो होतो. धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ वहिनीची किंकाळी. आत गेलो तर परातीतलं पीठ लाल झालेलं. नारळाएवढा काळा दगड चुलीशी पडला होता आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नुसत्या कातड्याला लटकत होती. शहापूरच्या दवाखान्यात ती काढूनच टाकावी लागली.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगराला लागून आहे. गावामागच्या टेकडीवर खाण सुरू झाल्यापासून भिंतींना तडे गेले होते, भातावर पांढरी भुकटी बसत होती. माझा थोरला भाऊ, दादा, अर्ज लिहायचा. पंचायत, तहसील, पोलीस ठाणं. पोच मिळाली की निम्मा न्याय मिळाल्यासारखा खुशीत घरी यायचा. निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या माणसांनी आमच्याच ओटीवर चहा पिऊन खाण बंद करायचा शब्द दिला होता. पुढं दोघांचेही डंपर त्याच खाणीत चालू झाले.

वहिनीची बोटं गेल्यावर दादा ग्रामसभेत उभा राहिला. पिशवीतून तो दगड काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो कुठून आला, ते सरपंचांनी सांगावं."

"डोंगराचे दगड पडतात रे कधीमधी," सरपंच म्हणाला.

मागे उभी असलेली खाणवाल्याची माणसं हसली. दादाने माईक हातात घेतला तशी ती पुढे धावली. त्याला खाली पाडून लाथा घातल्या. एकाचा बूट जबड्यावर बसला आणि दादाच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं.

मी लोखंडी खुर्ची उचलली आणि त्या बूटवाल्याच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण मला तो आवाज आवडला. तो खाली पडला, उरलेला हात वर करून विनवायला लागला, तरी मी मारतच राहिलो.

गुन्हा आधी आमच्यावर नोंदला गेला. दादाचा जबडा तारांनी बांधला होता. पेज पिता पिता त्याने माझ्यापुढे कागद सरकवला. जन्मभर अर्ज लिहिणाऱ्या माणसाने त्यावर लिहिलं होतं, 'आता अर्ज नाय. जाळा.'

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी आणि गावातली चार पोरं, असे आम्ही पाच जण डिझेलचे डबे घेऊन निघालो. खाणीची वाट गावदेवीच्या देवळावरून जाते. तिथे वहिनी दिवा लावून बसली होती आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालत होती.

"आई, माझा हात गेला, माझ्या मालकांचा जबडा गेला. खाणवाल्याचं काय करायचं ते तू कर. पण माझ्या दिराला माणूस मारायची गोडी लागलीय, तेवढी काढून घे."

मी ग्रामसभेतली मारामारी गावभर रंगवून सांगत होतो. सांगताना माझा चेहरा कसा होत असेल, ते तिने पाहिलं असणार. माझं डोकं फिरलं.

"तुझ्या देवीनं दगड अडवला का?" मी ओरडलो आणि दिव्याला लाथ मारली. तेल पायरीवर पसरलं.

वहिनी उठली आणि पट्टी बांधलेल्या हातानेच तिने माझ्या थोबाडीत मारली. पट्टी लगेच लाल झाली.

"देवीला काय विचारायचं ते माझं मी विचारीन. भावजी, तुमी डबा खाली ठेवा."

मी ठेवला. भक्तीने नव्हे. तिचं रक्त माझ्या गालावरून ओघळत होतं. बाकीचे चौघे मात्र थांबले नाहीत. जाताना माझाही डबा घेऊन गेले.

त्यांनी खाणीतलं दगड उपसायचं पोकलेन पेटवलं. त्याच्या केबिनमध्ये शेजारच्या वाडीतला वॉचमन आडवा झाला होता, हे कुणी पाहिलंच नाही. तो बाहेर पडला, पण पाठ पेटलेली होती. त्याचं ओरडणं आमच्या अंगणात ऐकू येत होतं.

चौघे तुरुंगात गेले. आठवड्याभरात खाणीवर नवं पोकलेन आलं. वहिनी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. वॉचमन पालथा पडला होता. तिने त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला म्हणाली, "सांगा त्याला."

"एक डबा माझा होता," मी म्हणालो.

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "पाणी दे." मी चमच्याने पाणी पाजलं. त्याला ते धड गिळताही येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी, सुरुंगाच्या वेळेला, वहिनी देवीचा कलश घेऊन खाणीच्या वाटेवर जाऊन बसली. सोबत तीन बायका, दादा आणि मी. आरती चालू असताना डंपर एवढा जवळ आला की त्याचा बंपर वहिनीच्या गुडघ्यांना टेकला. ती हलली नाही. मग टेकडीवर सुरुंग उडाला आणि वरून दगड आले. एकीचं कपाळ फुटलं. तिने पदर गच्च बांधला आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागली. मी दगड उचलून उभा राहिलो. वहिनीने गाणं न थांबवता माझा घोटा धरला. मला झटका देऊन सुटता आलं असतं. मी खाली बसलो आणि रडत रडत आरती म्हटली. दादाला शब्द फुटत नव्हते, तो नुसता हुंकार देत होता.

पुढच्या मंगळवारी तीस जणी आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी अख्खं गाव. माणसं बसलेली असताना सुरुंग उडवलास तर आत टाकीन, असं शेवटी फौजदारानेच खाणवाल्याला बजावलं.

खाण बंद झालेली नाही. खाणीवर घातलेली केस चालू आहे, तारखा पडतात. मंगळवारी मात्र सुरुंग उडत नाही. गाव म्हणतं, ही देवीची करणी. दादा म्हणतो, फौजदाराची. मला ठरवता येत नाही, मी जाऊन बसतो. त्या दिवशी हवेत भुकटी नसते, म्हणून बायका सकाळीच अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घालून येतात.