सिद्रामप्पाच्या रायफलीवरचा डाग

१९७४ साल. श्रावण नुकताच लागला होता. सोलापुरात एका सूतगिरणीच्या गेटवर मी गनमॅन होतो. गिरणीच्या जाळीवर कापसाचा भुसा साचतो, तसे गेटवर किस्से साचतात. अधूनमधून झाडावे लागतात. आज झाडतो ते सिद्रामप्पाच्या रायफलीचे.

सिद्रामप्पा होटगीचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गेटवरचा दुसरा गनमॅन. आम्हा दोघांकडे बारा बोअरची जुनी एकनळी बंदूक. त्यानं आपली विकली आणि नवी कोरी तीनशेपंधरा बोअरची रायफल घेतली. बघायला कामगारांची रांग लागली! माझ्या बंदुकीकडं अकरा वर्षांत कुणी तसं बघितलं नव्हतं. पोटात जळलं. खोटं कशाला सांगू?

मी रायफल हातात घेतली, उलटीपालटी केली. नळीवर चिंचोक्याएवढा पांढरा डाग. काळं पॉलिश तिथं बसलंच नव्हतं.

"सिद्रामा, हे काय रं?"

त्यानं बघितलं. तोंड उतरलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं!

*

दुसऱ्या दिवशी तो नव्या पेठेत दुकानदाराकडं गेला. मीही गेलो. सोबत म्हणून, असं त्याला सांगितलं.

दुकानदारानं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. "नंबर लायसनवर चढलाय. आता माल परत न्हाय."

"पर डाग हाय की, मालक!"

"डाग भाईर हाय. गोळी आतनं जाती."

"बराबर हाय," मी म्हणालो.

परत येताना सिद्रामप्पा चार पावलं पुढं चालत होता.

*

खंडेनवमीला गिरणीत हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर मधोमध माझी बंदूक. तिला मॅनेजरसाहेब स्वतः गंध लावायचे. अकरा वर्षं तोच मान.

गेटवर लाठीवाला हुसेनभाई होता. तो सहज बोलला, "अन्ना, इस साल बीच में रायफल रहेगी ना?"

मी म्हणालो, "डागी हत्यार मधी ठिवत न्हाईत."

"ऐसा लिखेला है क्या?"

"हाय."

मी चौथीपर्यंत शिकलो. कुठं लिहिलंय ते मलाही ठाऊक नव्हतं. पण सिद्रामप्पानं मान खाली घातली. त्याला ते पटलं!

*

मग त्यानं डाग घालवायचा ध्यास घेतला. पहिल्यांदा बुटाचं काळं पॉलिश लावलं. डाग गेला. दुपारी उन्हात पॉलिश विरघळलं. ते बोटांना लागलं, घाम पुसताना गालावर आलं आणि तसाच तो साहेबांच्या गाडीला सलाम ठोकायला उभा राहिला.

साहेबांनी गाडी थांबवली. "सिद्रामप्पा, दृष्ट लागते का तुला?"

सुटलेली अख्खी पाळी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी.

*

नंतर त्यानं मला विचारलं, "अण्णा, घरची म्हंत्या, चिंच लावून घासते. घासू दे का?"

चिंच मी सुचवली नव्हती. पण नको असंही म्हणालो नाही.

दोन दिवसांनी तो रायफल फडक्यात गुंडाळून आला. चिंचोक्याएवढा डाग आता रुपयाएवढा झाला होता! उरलेलं पॉलिशही चिंचेनं खाल्लं होतं.

"घरची काय म्हणती?"

"म्हंत्या, आणि दोन दिस घासलं तर समदीच लकलकल की!"

*

भाद्रपदात एक पिसाळलेलं कुत्रं गेटातून आत शिरलं. पाळी सुटायची वेळ. बायका डबे घेऊन बाहेर पडत होत्या. साहेब ऑफिसच्या पायरीवरून ओरडले, "अण्णा, मारा!"

मी पुढं झालो. नेम धरला, चाप ओढला. नुसता टक्‌ आवाज! काडतूस सर्दावलेलं. कुत्रं बायकांपासून दहा पावलांवर.

माझ्या मागून बार झाला. कुत्रं जागच्या जागी पडलं.

साहेब धावत आले. "कुणी मारलं?"

सिद्रामप्पा म्हणाला, "अण्णांनी."

"शाब्बास, अण्णा!" साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

सगळे गेल्यावर मी त्याला गाठलं. "का रं खोटं बोललास?"

"तुमीच पुढं झालता की. मी मागं हुतो."

हेवा करायचा तर माणूस थोडा तरी वाईट पाहिजे. हा तेवढंही करू देईना! वर उपकार चढला तो वेगळाच. महिनाभर मला जेवण गेलं नाही.

*

खंडेनवमी आली. पाट मांडला. सिद्रामप्पानं आपली रायफल आपणहून कडेला ठेवली, डाग खाली करून. मधे माझी बंदूक. साहेब ताट घेऊन आले.

मी माझी बंदूक उचलली, कडेला ठेवली. रायफल मधे घेतली, डाग वर केला.

"अन्ना," हुसेनभाई कुजबुजला, "लिखेला था ना?"

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नारळ माझ्यापुढं सरकवला.

साहेबांनी कुंकवाचं बोट नळीच्या तोंडाकडं नेलं.

"साहेब, तितं न्हाय. हितं." मी डाग दाखवला.

"असं कुठं असतं, अण्णा?"

"रायफलीला असतंय."

"टिळा केवढा?"

"रुपयाएवढा."

साहेबांनी टिळा लावला. काठोकाठ बसला. सिद्रामप्पा माझ्याकडं बघत राहिला.

मी नारळ फोडला.