तिसऱ्या रांगेतलं हसू

तिला सगळे बत्तीशी म्हणायचे. हे नाव तिला मास्तरांनी दिलेलं. मास्तर म्हणजे नाच बसवणारे. गाण्याच्या चित्रीकरणात मागे वीस-पंचवीस बायका एकसारख्या कपड्यांत एकसारख्या नाचतात ना, त्यांना उभं करणारे, वळवणारे आणि झापणारे. त्या बायकांमध्ये बत्तीशी सगळ्यात जुनी. तिची जागा तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला. पुढची मुलगी वळली की ही क्षणभर दिसायची आणि लगेच कुणाच्या तरी खांद्याआड गडप व्हायची. गाणं लागलं की घरचे टीव्हीच्या कोपऱ्यात बोट टेकवून म्हणायचे, ‘ही बघ, ही, ही... गेली.’

या धंद्याचा एक नियम आहे. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. पाय चुकला तर चालतो, हसू पडलेलं चालत नाही. तालमीत मास्तर जमिनीवर काठी आपटून एवढंच म्हणायचे, ‘दात.’ की सगळ्यांचे चेहरे उघडायचे. पाठीचा हूक तुटू दे, टाचेत खिळा घुसू दे, दात आत जाता कामा नयेत. एकदा बत्तीशीच्या अंगठ्याचं नख खरोखरच उखडलं. दवाखान्यात ती इतकी प्रसन्न बसली होती, की नर्सबाईंनी तिला रांगेत शेवटी सरकवलं. ‘तुम्हाला काही घाई दिसत नाही,’ म्हणाल्या. हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची. आता यात हसण्यासारखं काय आहे, हे तिला कधी कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नाही.

घरीही तीच गत. नवऱ्याचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान, तो जेवायला कधीच वेळेवर यायचा नाही. ही ताट गरम करून हसायची. ‘या वयात अजून नाचतेस का गं?’ असं पाहुण्यांनी विचारलं तरी हसायची. शेजारीण आपली कचऱ्याची बादली खुशाल हिच्या दाराशी ढकलून जायची, ही ती हसत हसत उचलून खाली नेऊन ठेवायची. लोक म्हणायचे, काय गोड स्वभाव आहे. अकरावीतली लेक मात्र कपाळाला आठी घालून बघत राहायची.

आणि मग ते गाणं आलं.

गायिका नावाजलेली. तिनं केस कापले की शहरातल्या निम्म्या मुली केस कापायच्या. या खेपेला तिला म्हणे समाजाला चार गोष्टी सुनावायच्या होत्या. गाण्यात एक भलंमोठं दुकान होतं. फळ्यांवर मिक्सर, इस्त्र्या, धुलाई यंत्रं आणि त्यांच्या मधेमधे मांडलेल्या बायका. प्रत्येकीच्या कपाळावर ‘सवलत’ असं लेबल. पुरुष ट्रॉल्या ढकलत येणार, खांद्यावरचं बटण दाबून बाई नीट चालते का बघणार, पसंत पडली तर ट्रॉलीत घालणार. शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरची गायिका खाली उडी मारून दुकानाची पार वाट लावणार. बाईला वस्तू समजणाऱ्यांची टर उडवायची, असा सगळा बेत. दिग्दर्शकानं नाचणाऱ्या बायकांना समोर बसवून बजावलं, ‘चेहरे बंद ठेवा. तुम्ही मशीन आहात. मशीन हसत नाही.’

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पुढच्या फळीवरची एक मुलगी चक्कर येऊन पडली. सकाळपासून उभी होती बिचारी. तिला बाजूला नेलं आणि तिच्या जागी हाताला लागली ती बत्तीशी उभी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॅमेरा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला. ट्रॉलीवाल्यानं बटण दाबलं. तिनं फक्त मान वळवायची होती. मान वळली, आणि मानेबरोबर बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर आले.

चूक तिला तिथल्या तिथे कळली. पण आलेलं हसू मधेच पाडायचं नाही, हाही नियमच. दुसरी कुणी असती तर तिनं पटकन ओठ मिटले असते. हिनं ते हसू शेवटपर्यंत इमानेइतबारे धरून ठेवलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. ‘अगं बये, आजच्या दिवस नको होते गं दात.’ दिग्दर्शक पुन्हा घेऊ म्हणाला, तेवढ्यात गायिकेची निघायची वेळ झाली आणि ते राहूनच गेलं. ‘कापतील ते,’ असं मास्तर जाताना म्हणाले, आणि बत्तीशी त्याच आशेवर राहिली.

कापलं कसलं? उलट त्या सगळ्या मख्ख चेहऱ्यांमध्ये तेवढं एक हसू दिग्दर्शकानं पडदाभर मोठं करून गोठवून ठेवलं होतं. गाणं आलं आणि जो तो तज्ज्ञ झाला. काहींचं म्हणणं, काय सणसणीत चपराक आहे, विकली जाणारी बाईसुद्धा हसतेय. काहींचं म्हणणं, कसली चपराक, गायिका स्वतः तोकडे कपडे घालून तेच विकतेय, वर ती बाई खूश दिसतेय, म्हणजे पुरुषांना आयतं कोलीत. आणि पुष्कळांचं काहीच म्हणणं नव्हतं. त्यांनी तो हसरा चेहरा उचलला आणि त्याखाली वाट्टेल ते विनोद लिहून एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. बत्तीशीच्या नवऱ्यानं गाणं तीनदा बघितलं आणि म्हणाला, ‘त्या मागच्या फ्रिजचं दार उलट्या बाजूला बसवलंय.’

केसांचा टोप आणि थापलेली रंगरंगोटी यांमुळे ती बाई कोण हे बाहेर कुणाला ओळखू आलं नाही. घरात मात्र माहीत होतं. आणि नेमका लेकीच्या कॉलेजनं वादविवाद स्पर्धेला विषय दिला तो हाच. या गाण्यातली टर साधली की फसली? लेकीनं ‘फसली’ ही बाजू घेतली. तिचा मुख्य मुद्दा अर्थातच ते हसू.

संध्याकाळी बत्तीशी भांडी पुसत होती. लेक ओट्याला टेकून उभी राहिली.

‘आई, तू मुद्दाम हसलीस का गं?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तुला कुणी सांगितलं, का तू ठरवलंस, का आपोआप आलं?’

‘गाणं गाजलं ना? मग झालं तर,’ असं म्हणून बत्तीशी हसली.

‘हे बघ. हे आत्ताचंसुद्धा.’ लेकीचा आवाज चढला. ‘मी गणितात नापास झाले तेव्हा तू हसलीस. आजी गेली तेव्हा मी कोपऱ्यात रडत होते आणि तू आलेल्या माणसांकडे बघून हसत होतीस. तुला काय वाटतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आई. अख्खं कॉलेज त्या बाईला हसतंय. ती माझी आई आहे हे सांगायची मला लाज वाटत नाही. पण ती कशी आहे असं कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही.’

बत्तीशीच्या हातातलं फडकं थांबलं. तोंड मात्र तसंच उघडं, ते काही केल्या मिटेना. लेक तिच्याकडे बघून मान हलवून निघून गेली.

त्यानंतर लेक कामापुरतं बोलायला लागली. हो, नाही, जेवले, जाते. बत्तीशी धास्तावली. गाणं गेलं खड्ड्यात, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, पण पोटची पोर आपल्याला परकी समजायला लागली तर उरलं काय? तिनं आरशासमोर उभं राहून चेहरा बंद ठेवायची तालीमसुद्धा केली. दोन्ही ओठ दाबून धरून ती बाहेर आली, तर नवऱ्यानं विचारलं, ‘दाढ दुखतेय का?’

पुढे एका दुपारी टीव्हीवर गायिकेची मुलाखत लागली. नवरा आणि लेक बघत बसले होते, बत्तीशी मागे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलाखत घेणाऱ्यानं त्या हसण्याचं तोंड भरून कौतुक केलं. गायिका म्हणाली, ‘ती माझीच कल्पना. मी त्या बाईंना म्हटलं, तुम्ही हसा, मग बघा काय होतं.’

‘खोटं बोलतेय,’ मागून आवाज आला.

दोघांनी वळून बघितलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

‘ती तेव्हा खोलीत केस वाळवत बसली होती. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ते हसू चुकून आलं माझं. सवयीनं आलं.’ बत्तीशीनं हातातला टॉवेल सोफ्यावर आपटला. ‘आयुष्यात एकदा माझं काहीतरी पडदाभर दिसलं. ती चूक होती, पण माझी होती. तीसुद्धा हिनं स्वतःच्या नावावर करून घ्यावी? आणि म्हणे बायकांना मशीन समजू नका. आम्हाला सकाळपासून फळीवर उभं केलं होतं. सेटवर खुर्ची एकच, ती हिची. ती पोरगी पडली तर तिला काढलं आणि मला लावलं, बल्ब बदलतात तसं.’

तिचा चेहरा लाल झाला होता, नाकपुड्या फुलल्या होत्या आणि दाताचा एक कोपराही दिसत नव्हता. लेक टक लावून बघत होती. मग ती हळूच म्हणाली, ‘म्हणजे टर फसलीच की.’

‘तसं कुठे म्हटलं मी?’ बत्तीशी घड्यांच्या ढिगाशेजारी बसली. ‘मी ते पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा मला त्या बाईची चीड आली. बटण दाबलं की हसते, कोण ही मूर्ख? आणि मग एकदम लक्षात आलं, अरे, ही तर मी. मी घरातसुद्धा अशीच. तू नापास झालीस ना, त्या दिवशी मला रडायचं होतं गं. वाटलं, मी रडले तर तू अजून खचशील.’

‘मला वाटलं, तुला काही फरक पडत नाही.’

‘पडत होता. फार पडत होता.’

नवऱ्यानं टीव्ही बंद केला. मग तो उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागला. चादरीची घडी त्याला आली नाही, पण त्या दिवशी त्याला कुणी काही म्हटलं नाही.

‘मग स्पर्धेत मी काय बोलू?’ लेकीनं विचारलं. ‘मला अजूनही टर फसलीय असंच वाटतं. आणि ते तुझ्याविरुद्ध जाईल.’

‘जाऊ दे की. तुला वाटतं तेच बोल. मी येणार ऐकायला.’

कॉलेजच्या सभागृहात बत्तीशी शेवटच्या ओळीत भिंतीला लागून बसली. लेकीआधी एक मुलगा बोलून गेला. त्याचं सगळं तोंडपाठ होतं, त्याच्या मते टर शंभर टक्के साधली होती. मग लेक उभी राहिली. सुरुवातीला अडखळली, मग सापडला तिला सूर. ‘टर उडवायची तर उडवणाऱ्याला माहीत असावं लागतं आपण काय करतोय ते,’ ती म्हणाली. ‘इथे ज्या हसण्याची एवढी वाहवा चाललीय, ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. त्या बाईला हसायचं वळण इतकं लागलंय, की नको असतानाही तिला थांबता आलं नाही. तिला स्वतःचा चेहराच उरलेला नाही. गाण्यानं हे दाखवलं नाही, ते गाण्यात चुकून शिरलं. याचं श्रेय गायिकेला कशाला द्यायचं?’

परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. ‘ते ठरवलेलं नव्हतं, हे तुला कसं माहीत?’

‘मी तिला विचारलं.’

‘कुणाला?’

‘त्या बाईला. माझी आई आहे ती. मागे बसलीय.’

सगळं सभागृह मागे वळलं. एवढे चेहरे आपल्याकडे वळले की काय करायचं, हे बत्तीशीच्या हाडांत मुरलेलं. गाल आपोआप वर जायला लागले. मग तिला समोर लेक दिसली. ती भाषण सोडून नुसती आईकडे बघत, वाट बघत उभी होती. बत्तीशीनं गाल सोडून दिले. हसण्याच्या जागी जे आलं ते रडू, आणि तेही काही शोभिवंत रडू नव्हतं. नाक वाहायला लागलं, हनुवटी थरथरायला लागली. तिनं तोंड झाकलं नाही. लेकीला पुढचा मुद्दा आठवेना, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

बक्षीस अर्थातच त्या तोंडपाठवाल्या मुलाला मिळालं.

परतताना दोघी चालतच निघाल्या. वाटेत लेकीनं विचारलं, ‘कसं वाटलं माझं बोलणं? खरं सांग.’

‘राग आला,’ बत्तीशी म्हणाली. ‘सगळ्यांसमोर म्हणालीस, तिला स्वतःचा चेहराच उरलेला नाही. लागलं ते मला.’

लेक जागच्या जागी थांबली. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं.’

‘म्हणायचं होतं. आणि खोटंही नव्हतं ते. पण लागलं. तू विचारलंस म्हणून सांगितलं.’

लेक पुन्हा चालायला लागली. मग तिनं आईच्या दंडात हात अडकवला.

‘अजून काय काय लागलंय तुला? माझं, बाबांचं, कुणाचंही. सगळं सांग.’

बत्तीशीनं सांगायला सुरुवात केली. घर आलं तरी ते संपेना, तेव्हा दोघी दारावरून तशाच पुढे चालत गेल्या.