अनुमोदकाची सही

मानसशास्त्रात एम.ए. झालो तेव्हा आमच्या अणदूरकडच्या गावात कुणालाच त्याचा अर्थ लागेना. खरं तर मलाही तो नीट सांगता येत नव्हता. सोसायटीच्या चेअरमननी ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "म्हंजे येड्यांचा डाक्टर व्हय?" मी म्हणालो, तसंच नाही, पण थोडंफार. ते म्हणाले, "मग आमच्या संचालक मंडळातली दोघं-तिघं तपास की आधी." सगळे हसले. माझे वडीलही हसले. ते त्याच सोसायटीत शिपाई होते आणि तेव्हा चहाचे कप गोळा करत होते.

बाहत्तरच्या दुष्काळात आईनं जळकोटच्या रस्त्यावर खडी फोडली होती. आता पाऊस पुन्हा गेला होता आणि एम.ए. झालेला मी रोजगार हमीच्या नाला बांधाच्या कामावर हजेरीपट लिहीत होतो. कामावरच्या बाया माझ्याशी चांगल्या वागायच्या, पण एकीनं एकदा विचारलंच, "एवढं शिकून बी हितंच?" मी तिच्या नावापुढं हजेरीची खूण केली.

अशात शहरातल्या एका संस्थेत विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्याची जागा निघाली. अट एकच अडवणारी होती. उमेदवार मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सभासद पाहिजे. मी सरांना भेटलो. सर म्हणजे विद्यापीठात मला दोन वर्षं शिकवलेले प्राध्यापक. ते म्हणाले, संघटनेच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहून फॉर्म मागवा, मग बघू. फॉर्म यायला दीड महिना लागला. तो इंग्रजीत होता, आणि त्यावर सूचक व अनुमोदक अशा दोन जुन्या सभासदांच्या सह्या हव्या होत्या. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात संघटनेचा सभासद आहे असं कुणी मला सांगू शकलं नाही. विद्यापीठ एसटीनं सात तासांवर. दोनदा गेलो, दोन्ही वेळा सर भेटले नाहीत. फॉर्म पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि कामावर जात राहिलो. मुलाखतीची तारीख जवळ येत होती.

वडिलांना घरात बसून हे बघवलं नसावं. एका दिवशी मी कामावर असताना त्यांनी तो फॉर्म काढला आणि सोसायटीत नेला. दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवांनी वाचून सांगितलं, "ह्ये तर आपल्यावानीच हाय. सूचक, अनुमोदक." सोसायटीत नवा सभासद करायचा तर दोन जुन्यांच्या सह्या लागायच्या, आणि त्या कशा मिळवायच्या हे वडिलांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. चारा डेपोवरच्या गर्दीत उभं राहून त्यांनी चेअरमनची सही घेतली, खाली गटसचिवांची. दोन्हींवर गोल शिक्का.

संध्याकाळी फॉर्म माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "घे, झालं तुझं काम."

रागावावं तर कशासाठी, आणि समजावावं तर कुठून सुरू करावं, हे कळेना. एवढंच म्हणालो की सरांना एकदा दाखवावं लागेल. ते म्हणाले, "म्या बी येतो. तुझं कॉलेज कवा बघितलंच न्हाय."

धुतलेला खाकी सदरा घालून ते आले. विभागाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मी म्हणालो, दादा, इथं काढायच्या नसतात. तरी ते व्हरांड्यातच थांबले. या वेळी सर होते. त्यांनी फॉर्म उलगडला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, हे बघा," त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या प्राध्यापकांना हाक मारली. "आपल्या संघटनेत कुणाला घ्यायचं ते आता विविध कार्यकारी सोसायटी ठरवणार. शिक्क्यासकट."

पलीकडचे म्हणाले, "पेंड-बियाणंही देतात का सभासदाला?"

सर माझ्याकडं वळले. "कुणी केला हा उद्योग?"

तेव्हा मी जे बोललो ते मला आजही लिहवत नाही. "आमच्या सोसायटीच्या शिपायानं, सर. त्याला काय कळतंय."

"सोसायटीत चालतं असलं," सर म्हणाले. "इथं माणूस पारखून घेतात." आणि त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढला. खणात त्या फॉर्मांचा गठ्ठा होता. ज्याच्यासाठी मी दीड महिना टपालाची वाट बघितली होती तो हाच फॉर्म. मी उभ्या उभ्या माहिती भरली, त्यांनी सूचक म्हणून सही केली आणि कागद पलीकडं सरकवला.

"इथं एक करा."

"कोण आहे?"

"आपलाच विद्यार्थी."

पलीकडच्यांनी एका हातात चहाची बशी धरून दुसऱ्या हातानं सही केली. मान वर केली नाही. सहीच्या वर छापलेलं होतं की अर्जदाराला मी किमान तीन वर्षं व्यक्तिशः ओळखतो. ज्या चेअरमनची सही हसण्यावारी गेली, त्यांनी मला लहानपणी उघडा फिरताना पाहिलं होतं. संघटनेत आता माझीही सही चालते, आणि मान वर न करता ती मीही केलेली आहे.

बाहेर आलो तर वडील दाराच्या अगदी जवळ, भिंतीला टेकून उभे होते. मला जिथं दिसले तिथून आतलं सगळं ऐकू येत असणार.

"झालं?"

"झालं."

"दोन्ही सह्या?"

"दोन्ही."

"लवकर झालं की," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

एसटीत बराच वेळ ते बाहेरची करपलेली रानं बघत होते. मग विचारलं, "त्या दुसऱ्या सायबांनी काय शिकवलं तुला?"

"त्यांनी न्हाय शिकवलं."

"मग वळखतेत कसं?"

मी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मी ठरवलं होतं की तुळजापूर आलं की उतरून चहा घेऊ आणि त्यांना काहीतरी सांगू. तुळजापूर आलं. ते झोपले होते, किंवा त्यांनी डोळे मिटले होते. मी उठवलं नाही.

त्यानंतर ते घरात माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, भाकरी खाल्ली का, कामावर किती माणसं आली, एवढंच. मला वाटलं, ऐकलं नसेल. वाटायला सोपं होतं.

तीन आठवड्यांनी संघटनेचा लिफाफा आला. गावाचं टपाल सोसायटीतच उतरायचं आणि वडील ते घरोघर पोचवायचे. मी दारात दाढी करत होतो. वडील खाकीत आले, लिफाफा माझ्या हातात दिला आणि काखेतली पोहोच वही उघडून पुढं धरली.

"सही करा."

"दादा, हे काय?"

"टपाल दिलं की सही घ्यायची. शिपाई हाय म्या, तेवढं कळतंय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी पाय तरी धरले असते. आई चुलीजवळून आमच्याकडं बघत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या हाताला साबण होता. तो पुसला आणि त्यांनी बोट ठेवलं होतं तिथं सही केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही उघडी धरली, मग ती मिटून पुढच्या घराकडं निघाले.