द्वारपाल खरं काय म्हणाला

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही दुरुस्तीमास्तर म्हणतो. तोंडावर म्हणतो, त्याला राग येत नाही. दुकानाची पाटी असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो नाहीतर माझं बोलणं असो, या माणसाला चूक सापडल्याशिवाय राहत नाही. जेवायला बसला की भाजीत मीठ कमी आहे हे सांगणार नाही, पण मी काल सांगितलेली गोष्ट आज वेगळी सांगतेय हे भर पंगतीत सांगेल. असला माणूस घरात घेऊ नकोस म्हणून मी धाकटीच्या कानीकपाळी ओरडले होते. पण तिला ऐकूच येत नाही, तर माझं ऐकणार कुठून? हा विनोद तिचाच आहे. ती तो चारचौघांत सांगते आणि लोक हसावं की नाही या विचारात पडले की खूश होते.

लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलते नीट, फक्त जरा मोठ्याने. समोरच्याचे ओठ वाचते. एकाशी बोलताना कोणाच्या लक्षातही येत नाही. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की कोणाच्या तोंडाकडे बघावं हे तिला कळत नाही. सगळे खो खो हसतात, ती विचारते, “काय झालं?” आणि समोरचा म्हणतो, “काही नाही.” फार तर, “नंतर सांगते.” नंतर कोणी सांगत नाही. आमच्या घरात हे इतक्या वेळा झालंय की समोरच्याचे ओठ हलायच्या आत तिला “काही नाही” कळतं आणि ती मान फिरवते.

मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. एकदा माझी पाळी संपायची वाट बघत ती बाहेर बाकावर बसली होती. शेजारी हा. एका कानात मळ घट्ट झाला म्हणून आलेला. खिडकीपाशी काहीतरी गोंधळ चाललेला दिसला म्हणून तिने याला विचारलं, काय झालं? याने खिशातून पेन काढलं आणि आपल्या केसपेपरच्या मागे लिहून दिलं: “खिडकीतली बाई एका आजोबांना विचारतेय, ‘मी काय तुमची वाट बघायला जन्माला आलेय का?’ आजोबा म्हणतात, ‘चेहऱ्यावरून तरी तसंच वाटतं.’” धाकटी इतकी हसली की वॉर्डबॉय धावत आला. खिडकीतली बाई मी, हे वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावर मी तणतणले, परक्या माणसाने माझं बोलणं असं शब्दाला शब्द लिहून द्यायचं काय कारण? ती म्हणाली, “ताई, तो ‘काही नाही’ म्हणाला नाही.” वर्षाच्या आत लग्न झालं.

आणि खरं ते खरं, त्याने तो नेम पाळला. कोण काय बोललं ते तो तिला जसंच्या तसं सांगायचा. मी तिच्याबद्दल बोललेलंही सांगायचा, त्यावरून आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली. आवाजसुद्धा सांगायचा. वरच्यांनी खुर्ची ओढली, नळ गळतोय, तुझी ताई दारामागे कुरकुरतेय. याच वळणाने पुढे त्याला नोकरी लागली. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्याखाली ज्या ओळी येतात, त्या लिहून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत. एका वेळी दोनच ओळी, डोळ्यांना वाचायला पुरेल इतकाच मजकूर, बोलणाऱ्याचं तोंड उघडलं की ओळ यायला हवी आणि मिटलं की जायला हवी. मधे कंसात: दार करकरतं. दूरवर घोडे. कोणीतरी श्वास रोखतं. धाकटी त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या ओळींवर विश्वास ठेवत नव्हती. “बाकीचे गाळतात,” ती म्हणायची. “हा गाळत नाही.”

मग ती मालिका आली, आणि तिच्या ओळी लिहायचं काम याच्याकडेच आलं. मूळ कादंबरी चार जाडजूड भागांची, जुनी. राजे, राक्षस, बर्फाचे डोंगर, बोलणारी तळी असला सगळा कारभार. आमच्या वयाच्या वाचणाऱ्या प्रत्येकाने शाळेत असताना बाकाखाली लपवून वाचलेली. दुरुस्तीमास्तरची प्रत तर पारायणं करकरून पाठीत मोडली आहे. तिच्यात एक म्हातारा द्वारपाल आहे. वेढा पडलेल्या नगराचं दार राखणारा. शेवटी तो शत्रूसाठी दार उघडतो, कारण शत्रूच्या छावणीतली पोरं बाहेर थंडीने मरायला टेकलेली असतात. नगर पडतं, म्हातारा बदनाम होतो, आणि तरी वाचणारा त्याच्याच बाजूला उभा राहतो. मास्तर स्वतःच्या लग्नात रडला नसेल इतका त्या पानांवर रडला आहे.

धाकटीने ती कादंबरी वाचली नव्हती. तिने ठरवलं होतं, आधी मालिका बघायची, मग पुस्तक घ्यायचं. नवऱ्याला तंबी दिली होती, पुढचं काही सांगायचं नाही.

मालिका सुरू झाली आणि आमच्या घरात दर सुट्टीच्या दिवशी शिव्यांचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येकाने आपापल्या घरी भाग बघायचा आणि माझ्याकडे जेवायला येऊन गरळ ओकायची. शेजारचा केमिस्ट, माझी कॉलेजातली लेक, मी, आणि ही दोघं. केमिस्ट एरवी दुकानात मोजून बोलणारा माणूस, इथे नुसता पेटायचा. “यांनी पुस्तक उशाला घेऊन झोप काढलीय, वाचलेलं नाही! राक्षस बघितलेत? माझ्या दुकानातल्या गरम पाण्याच्या पिशव्या त्यापेक्षा जास्त भीतीदायक आहेत.” लेक मोबाइलवरून लोकांच्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचायची. लोकांनी तर लेखणी नाही, कुऱ्हाडी हातात घेतल्या होत्या. कोणी लिहिलं होतं, सगळ्यांत चांगलं काम घोड्यांनी केलंय, कारण त्यांना संवाद दिलेले नाहीत. मीसुद्धा मागे नव्हते. राणीला त्यांनी जे काही नेसवलं होतं, त्यावरच मी एक अख्खं जेवण बोलले. वाईट गोष्टीला मिळून वाईट म्हणण्यात जी मजा आहे ती चांगल्याला चांगलं म्हणण्यात नाही, हे मी खिडकीमागे बसून शिकले आहे.

एकटी धाकटी मालिकेची बाजू घ्यायची. म्हणायची, तुम्ही उगाच नावं ठेवता, किती जपून लिहिलंय! ऐकू न येणाऱ्यांचं तिचं एक मंडळ आहे, ते सगळेच तिच्यासारखे खूश होते. त्यांनी तर कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं. आणि सगळ्यांत जास्त चिडायला हवा होता तो दुरुस्तीमास्तर खाली मान घालून जेवत राहायचा. मला वाटलं, पोटापाण्याचा प्रश्न आहे, मालकाच्या मालाला नावं कशी ठेवणार?

द्वारपालाचा भाग झाला त्या आठवड्यात केमिस्ट जिना चढतानाच बोलत होता. “लाचखाऊ केला हो म्हाताऱ्याला! सोन्यासाठी दार उघडतो म्हणे! ज्या माणसावर मी लहानपणी जीव लावला त्याला यांनी जकातनाक्यावरचा कारकून करून टाकला.”

धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती हसली. “काहीतरीच काय! मी तर रडले. किती साधं बोलतो तो. पोरं गारठली म्हणून उघडतो.”

केमिस्टने माझ्याकडे बघितलं. लेक सवयीने म्हणाली, “मावशी, तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल.”

“माझा कसला गोंधळ? मी वाचलंय.” तिचा आवाज आणखी चढला. “सोन्याचा शब्दसुद्धा नाही त्यात. तुम्ही सगळे एकाच वेळी चुकीचं ऐकता का?”

आणि ती नवऱ्याकडे वळली. अगदी निर्धास्तपणे, साक्षीदाराकडे वळावं तशी. “सांग यांना. काय म्हणाला तो?”

दुरुस्तीमास्तरने घास खाली ठेवला. तो म्हणाला, “काही नाही. घरी गेल्यावर सांगतो.”

मी माझ्या बहिणीचा चेहरा लहानपणापासून बघतेय. ताप उतरला आणि आईची हाक ऐकू येईना, तेव्हाचा चेहराही मला आठवतो. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तो मी पुन्हा बघितला.

ती लेकीला म्हणाली, “लाव तो भाग. आणि माझ्यासमोर बसून शब्दाला शब्द बोल.”

लेकीने लावला. पडद्यावर बर्फ, मशाली, आणि पोटापर्यंत पांढरी दाढी असलेला म्हातारा. खाली ओळ आली: “राजाने मला दार बंद करायला ठेवलं होतं. बाहेर पोरं गारठली आहेत. मी उघडतो.” लेक मावशीकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत बोलली, “राजाने मला थंडी दिली. यांनी सोनं दिलं. दार सोन्याकडे उघडतं.”

धाकटीने तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, “दाढीमुळे ओठ दिसत नाहीत.” आणि नवऱ्याला विचारलं, “सेनापती शिरस्त्राणातून बोलतो तिथे?”

त्याने मान हलवली.

“राणी पाठमोरी असते तिथे?”

पुन्हा मान हलवली.

“म्हणजे जिथे ओठ दिसत नाहीत तिथेच. निवडून निवडून.”

“ते फार घाण लिहिलं होतं गं,” तो म्हणाला. एरवी पूर्णविराम देऊन बोलणारा माणूस, पण त्याचं एक वाक्य धड लागत नव्हतं. “तू पहिल्यांदाच भेटत होतीस त्याला. मला वाटलं, तो म्हातारा तुला असा नको भेटायला… पुस्तकात आहे तेच मी लिहिलं, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ऑफिसात वेळ तपासतात, मजकूर कोण बघतंय? आणि तू रडलीस ना? तुला छान वाटलं ना?”

“मला छान वाटावं असं मी सांगितलं होतं?” ती ओरडली. तिला आपला आवाज किती चढतो ते कळत नाही, आणि त्या दिवशी कळलं असतं तरी तिने खाली आणला नसता. “इतके दिवस हे सगळे शिव्या घालतायत. हसतायत, टेबलावर हात आपटतायत, मजा करतायत. मला पण घालायच्या होत्या! घाण दाखवली असतीस तर मी घाण म्हटलं असतं, यांच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं असतं. तू मला एकटीला कौतुक करत बसवलंस. मंडळातल्या लोकांना मी सांगितलं, ऐकू येणारे उगाच बोंबलतात. आभाराचं पत्र लिहायला लावलं त्यांना मी! आणि तू समोर बसून जेवत होतास.”

तो काहीतरी बोलायला गेला. तिने डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की समोरच्याने काहीही बोलावं, उपयोग शून्य. आमच्या घरात याहून जोरात दार कोणी आपटलेलं नाही.

या माणसाची एक चूक हातात सापडावी म्हणून मी किती वर्षं टपून होते. सापडली, तीही अशी घसघशीत, आणि मला काडीचं बरं वाटलं नाही. उलट त्याचाच राग आला. असल्या माणसाने चुकायचंच होतं तर माझ्या बाबतीत चुकायचं, तिच्या बाबतीत कशाला?

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन साहेबाला सगळं सांगितलं. साहेबाने त्याची बिनपाण्याने केली, पण वाच्यता झाली तर कंपनीचंच नाक कापलं जाईल म्हणून कामावरून काढलं नाही. पहिल्या भागापासून सगळ्या ओळी जशाच्या तशा करून द्यायला लावल्या. धाकटीने मंडळाला खरं काय ते कळवून टाकलं. तिथल्या लोकांनी मग मालिकेला आणि मास्तरला मिळून जे झोडपलं, ते लेकीने मला वाचून दाखवलं. ऐकू येणाऱ्यांच्या शिव्या त्यापुढे मिळमिळीत होत्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, मिटलं. ती त्याच घरात राहते, त्याच्याशी बोलते. फक्त आता नळ गळतोय असं त्याने सांगितलं की उठून नळ बघून येते.

शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी माझ्याकडे एकत्र बघितला. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, धाकटी माझ्या शेजारी. भाग अपेक्षेप्रमाणे भिकार होता. केमिस्ट सुटला होता, आणि धाकटी त्याच्या वरताण. राक्षस पडला तेव्हा तिने अशी काही शिवी दिली की लेकीने टाळी वाजवली. मास्तरही जरासा हसला. मला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय.

मग तो म्हातारा द्वारपाल परत आला. साखळदंडात, तीच पांढरी दाढी. तो बोलला, खाली ओळ आली: “दार मी विकलं. आता मला थंडी वाजते.” मी कान देऊन ऐकलं होतं. शब्दाला शब्द तेच होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मास्तर पडद्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

धाकटीने ओळ वाचली. ती जाईपर्यंत थांबली, आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, “ताई, हेच म्हणाला का तो?”